पाणी नको तिथे

ऑक्टोबर सरत आला की जर्सी सिटीतल्या जुन्या घरांमध्ये पहाटे पाचच्या सुमारास भिंतीआड घण पडायला लागतात. आधी एक ठोका, मग दोन, मग लागोपाठ सात-आठ. नव्याने राहायला आलेला माणूस वरच्या भाडेकरूला शिव्या घालतो. वरचा त्याच वेळी खालच्याला घालत असतो. आठवडाभरात दोघांच्या लक्षात येतं की ठोके खिडकीखालच्या ओतीव लोखंडाच्या रेडिएटरमधून येताहेत. मग दोघं मिळून घरमालकाकडे वळतात.

संपादकांनी ‘घरातले आवाज’ हा विषय कळवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा जातं, उखळ, मिक्सर, देवघरातली घंटा असं काही असणार. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हा ठोक्यांचा आवाज हवा होता, कारण तो बिघाडाचा आहे आणि बंद करता येतो. तरीही माणसं तो वर्षानुवर्षं सोसतात. वाफेची हीटिंग म्हटली की ठोके आलेच, असं एकमेकांना समजावतात आणि कानात बोळे घालून झोपतात. बंद करता येण्याजोगा आवाज इतकी माणसं का सोसतात, हे पाहायला मी तळघरांमध्ये उतरले.

जर्नल स्क्वेअरच्या पलीकडे ‘हाइट्स’ नावाचा उंचवट्यावरचा भाग आहे. तिथे एका मराठी कुटुंबाने तीन मजली घर घेतलं आहे, १९२०च्या आसपास बांधलेलं. खाली स्वतः, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. भाड्यातून कर्जाच्या हप्त्याला हातभार लागतो. मुलगा बँकेत सॉफ्टवेअर पाहतो, सून औषध कंपनीत आहे. मुलाचे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. गेल्या दिवाळीला ते नातवंडांकडे आले आणि पहिल्याच थंड पहाटे ठोके ऐकून उठून बसले. “दिवासुद्धा लावला नाही त्यांनी,” सून सांगते. “अंधारातच म्हणाले, लायनीत पाणी राहिलंय, कुणी काढत न्हाई का हितं?”

कारखान्यात असा आवाज आला की माणसं बाजूला होतात, अण्णांनी मला सांगितलं. वाफेच्या मोठ्या नळात पाणी साठलं आणि त्यावर वाफ सोडली, तर नळ आधारावरून उडतो, फ्लॅंज फुटते, माणूस भाजतो. वॉटर हॅमर हा शब्द त्यांनी तिथेच, पोरवयात शिकलेला. मुलाच्या घरात नातवंडं त्याच आवाजाच्या शेजारी झोपतात, हे त्यांना पटत नव्हतं.

वर वाफ, खाली पाणी

या घरातली रचना ‘वन-पाइप’ म्हणून ओळखली जाते आणि ती समजली की पुढचं सगळं समजतं. तळघरात गॅसवर चालणारा बॉयलर. त्यात पाणी साधारण निम्म्या उंचीपर्यंत, वरची जागा वाफेसाठी. बॉयलरमधून निघालेला जाड नळ तळघराच्या छताखालून घराला वळसा घालतो. त्याला मेन म्हणतात. मेनमधून फाटे फुटून वरच्या मजल्यांवर जातात आणि प्रत्येक रेडिएटरला एकच नळ जोडलेला असतो. त्याच नळातून वाफ वर जाते. रेडिएटरच्या थंड लोखंडाला लागून तिचं पाणी होतं आणि ते पाणी त्याच नळातून खाली उतरून बॉयलरकडे परततं. पंप नाही, पंखा नाही, कुठलंही फिरतं चाक नाही.

वाफ इतकी कामाची का, तर एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता जिथल्या तिथे सुटते. म्हणजे तळघरातली आग वाफेवर बसून तिसऱ्या मजल्यावर जाते. वाटेत नळात आणि रेडिएटरमध्ये हवा भरलेली असते. ती रेडिएटरच्या कडेला बसवलेल्या छोट्या चकचकीत व्हेंटमधून फुसफुसत बाहेर पडते. वाफ पोहोचली की तिच्या उष्णतेने व्हेंट आपोआप बंद होतो.

आता ठोका. एक लिटर पाण्याची साध्या हवेच्या दाबाला जवळपास १,७०० लिटर वाफ होते. नळात कुठे पोट आलं असेल, तर आदल्या वेळचं पाणी तिथे थांबून राहतं आणि थंड होतं. त्यावरून वाफ ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाने जाते. पाण्यावर लाट उठते, लाट नळाच्या माथ्याला टेकते आणि नळ बंद होतो. मागून येणारी वाफ त्या अख्ख्या पाण्याला पुढे ढकलते. पाणी दबत नाही. पहिला कोपर आला की ते तिथे आपटतं.

दुसरा प्रकार याहून कपटी. थंड पाण्यात वाफेचा एखादा फुगा अडकला की तो क्षणात विरतो. सतराशे पट जागा घेतलेली वाफ थेंबभर पाण्यात मावते, तिची जागा रिकामी पडते आणि चहूकडचं पाणी त्या पोकळीत धावून एकमेकांवर आदळतं. कोपर नसतानाही, सरळ नळात ठोका पडतो. दोन्ही प्रकारांत आवाज लोखंडातून धावत दूर जातो. म्हणून ठोका झोपण्याच्या खोलीत ऐकू येतो आणि दुखणं तळघरात असतं.

अण्णांच्या कारखान्यात यावर ठरलेला उपाय होता. वाफेच्या लाइनीत खोलगट जागा आली की तिथे पाणी गोळा करायला खाली तोंड काढायचं आणि त्याला स्टीम ट्रॅप बसवायचा. ट्रॅप पाणी सोडतो, वाफ अडवतो. पुण्याच्या फोर्ब्ज मार्शलचे ट्रॅप तर साखर पट्ट्यातल्या माणसाला तोंडपाठ. अण्णा तळघरात ट्रॅप शोधत फिरले. एकही सापडला नाही. त्यांची पक्की खात्री झाली की चोरट्या ठेकेदाराने ते गाळले असणार.

मिस्त्री आधी ऐकतात

ट्रॅप गाळलेले नव्हते. या रचनेत रेडिएटरला ट्रॅप नसतातच. हे सांगायला एक मिस्त्री आले. वाफेचंच काम करणारे, सत्तरीला टेकलेले, शेजारच्या बायोनमध्ये वाढलेले. वडीलही याच धंद्यात होते. नाव छापू नका म्हणाले, कारण आहेत ती कामंच उरकत नाहीत. त्यांच्याआधी एक ठेकेदार येऊन गेला होता. त्याने पाच मिनिटांत नवा बॉयलर सुचवला आणि पाच आकडी डॉलरांचा अंदाज देऊन गेला. मिस्त्रींनी आल्यावर काहीच उघडलं नाही. थर्मोस्टॅट खाली केला, घर थोडं थंड होऊ दिलं, मग बॉयलर चालू करून उलट्या बादलीवर बसले. हातात कॉफी, कान वर.

ठोका कधी पडतो, यावरून अर्धं निदान होतं. बॉयलर सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत, वाफ नळात शिरताना ठोके पडले, तर नळात कुठेतरी पाणी तुंबलेलं आहे. मधल्या वेळात पडले, तर संशय बॉयलरवर आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या नळांवर; वाफ ओली येते आहे, म्हणजे स्वतःबरोबर पाणी उचलून आणते आहे. शेवटी शेवटी पडले, तर परतीचा नळ गाळाने भरला असेल आणि पाणी परत यायला जागा नसेल. आणि बारीक टिकटिक असेल तर तो पाण्याचा प्रश्नच नव्हे. शंभर फूट लोखंडी नळ थंडीतून वाफेच्या तापमानाला जाताना सव्वा इंचाच्या आसपास लांबतो आणि लाकडी तुळईला घासत सरकतो. त्यावर औषध म्हणजे दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनचा तुकडा कापून नळ आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवायचा. मिस्त्रींच्या पेटीत असे कापलेले तुकडे तयार असतात.

या घरात ठोके सुरुवातीला होते, मध्येही होते. मिस्त्रींनी बॉयलरच्या काचनळीकडे बोट दाखवलं. तिच्यात पाण्याची पातळी दिसते. ती थोडीफार हलावी. इथे ती चांगली दोन-अडीच इंच वरखाली नाचत होती. अण्णांनी ते पाहून नुसता हुंकार दिला. अण्णांचं इंग्रजी जेमतेम, मिस्त्रींना मराठीचा गंध नाही. पण काचनळीपुढे दोघांना दुभाष्या लागला नाही.

पाणसळ आणि पाचर

वाफेच्या घरात पाणी हलवायला यंत्र नसतं, म्हणून सगळी भिस्त ढाळावर. मेनमध्ये पाणी वाफेच्याच दिशेने वाहत असेल, तर वीस फुटांना एक इंच ढाळ पुरतो. पाणी वाफेच्या उलट दिशेने यायचं असेल, तर दहा फुटांना एक इंच तरी हवा. डोळ्याला हा फरक दिसतही नाही. शंभर वर्षांत लाकडी घर बसतं, तुळया वाकतात, नळाला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या कुणीतरी धुण्याचं यंत्र बसवताना काढून टाकतं आणि बदल्यात तार गुंडाळतं. ढाळ गेला की पाण्याची वाट गेली.

मिस्त्रींनी मेनवर जागोजाग पाणसळ ठेवली. धरायला अण्णा. धुण्याच्या यंत्रावर नेमकं तेच झालेलं: दोन पट्ट्या गायब, तारेचा फास आणि नळाला पोट. तिथे नव्या पट्ट्या लावून नळ वर घेतला. काम तासाभराचं, सामान किरकोळ.

मग वरच्या खोल्या. रेडिएटर जड असतात, शंभर किलोंच्या पुढेही जातात. त्यांचे पाय लाकडी जमिनीत हळूहळू रुततात. वन-पाइपमध्ये रेडिएटर नेहमी झडपेच्या बाजूला किंचित कललेला हवा, म्हणजे आतलं पाणी नळाकडे येईल. दुसऱ्या मजल्यावरच्या रेडिएटरची लांबची बाजू खाली गेली होती. तिथे साठलेल्या पाण्यात वाफ शिरत होती. मिस्त्रींनी पहारीने टोक उचललं आणि दोन्ही पायांखाली पाचरी सारल्या. पाचरी नसतील तिथे लोक नाणी ठेवतात. अमेरिकेचा पेनी दीड मिलिमीटर जाडीचा, दोन पेनी पुष्कळ होतात.

इथे एक मेख आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. रेडिएटरचा कल बरोबर असूनही ठोके येत असतील, तर जमिनीखालून आडवा येणारा फाटा उलट्या ढाळाचा झालेला असतो. तो दिसत नाही, हात पोहोचत नाही. तेव्हा रेडिएटरचे चारही पाय ठोकळ्यांवर उचलायचे. वरचं टोक उचललं की त्याला जोडलेला जमिनीखालचा नळही उचलला जातो आणि ढाळ परत मिळतो. फळी न काढता जमिनीखालचा नळ सुधारण्याची ही युक्ती पाहून अण्णांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली.

त्याच खोलीत दुसरं दुखणं होतं. झडप अर्धी बंद. भाडेकरू तरुण, त्याला खोली फार तापते म्हणून त्याने झडप निम्मी फिरवून ठेवलेली, जशी माणूस शॉवरची चावी कमी करतो. वन-पाइपमध्ये झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. अर्ध्या फटीतून वाफ जोरात आत येते आणि त्याच फटीतून पाण्याला बाहेर पडायचं असतं. पाणी आत कोंडतं, व्हेंटमधून थुंकतं, ठोके घालतं.

दाब वाढवणारे हात

बॉयलरवर करडी डबी असते, प्रेशरट्रोल. वाफेचा दाब ठरावीक हद्दीला गेला की ती बर्नर बंद करते. घरातल्या बॉयलरला खालची हद्द अर्धा पौंड आणि वरची दीड पौंड पुरते. पौंड म्हणजे चौरस इंचावरचा. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर साधारण एक किलोच्या दाबाला शिट्टी देतो. हा त्याच्या दहाव्या हिश्श्याचा दाब झाला. अण्णांनी उभ्या आयुष्यात आधी २१ आणि मग ४५ किलोंवर काम केलेलं. दीड पौंडावर तिसरा मजला तापतो, हे त्यांना पचायला वेळ लागला. एम्पायर स्टेट बिल्डिंगसुद्धा दोन-तीन पौंडांच्या वर जात नाही, हे या धंद्यातलं आवडतं वाक्य आहे. मिस्त्रींनी ते ऐकवलंच.

या घरात दाब पाचवर नेऊन ठेवलेला होता. वरचा मजला उशिरा तापतो अशी तक्रार आली की येणारा प्रत्येक माणूस हा स्क्रू थोडा पिळतो. याहून चुकीचा उपाय शोधून सापडायचा नाही. वरचा मजला उशिरा तापतो तो हवा बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून, दाब कमी पडतो म्हणून नव्हे. तळघरात मेनच्या टोकाला एक मोठा व्हेंट असतो; कुणी रंग फासल्याने किंवा गंजाने तो बंद पडलेला असतो. मग मेनमधली सगळी हवा रेडिएटरच्या इवल्या व्हेंटमधून जायला लागते. इथेही तसंच होतं. न्यू जर्सीतल्याच क्रॅनफर्ड गावात तयार होणारा गॉर्टन कंपनीचा नवा व्हेंट मेनला बसवला, दाब खाली आणला आणि तिसरा मजला पूर्वीपेक्षा लवकर तापला.

जास्त दाबाचा दुसरा तोटा पाण्याच्या परतीला होतो. उभ्या नळातलं २८ इंच पाणी म्हणजे सुमारे एक पौंड दाब. परतीचं पाणी स्वतःच्या उंचीच्या जोरावरच बॉयलरमध्ये शिरतं. बॉयलर आणि मेनचं लांबचं टोक यांच्या दाबात जितका फरक, तितकं पाणी परतीच्या नळात चढून उभं राहतं. फरक वाढला की पाणी चढत चढत मेनमध्येच शिरतं, जिथे वाफ चाललेली असते. पुन्हा ठोके. म्हणजे ठोके थांबावेत, घर लवकर तापावं म्हणून स्क्रू पिळायचा आणि ठोके वाढवून घ्यायचे.

डबी कधीकधी दाब ओळखतच नाही. तिच्या खाली डुकराच्या शेपटीसारखा गुंडाळलेला छोटा नळ असतो. त्यात पाणी थांबून राहतं, म्हणजे गरम वाफ डबीपर्यंत जात नाही. तो गंजाने बुजला की डबी आंधळी होते. मिस्त्रींनी तो काढून तारेने साफ केला. आतून निघालेला लाल चिखल अण्णांनी बोटाने चोळून पाहिला.

नवा बॉयलर, अडाणी नळ

काचनळीतलं पाणी का नाचत होतं, हे कोडं मला सगळ्यात रंजक वाटलं, कारण त्यात दोष कुठल्या जुन्या वस्तूचा नव्हता. हा बॉयलर आधीच्या मालकाने नवा बसवलेला. नवे नळ जोडताना आटे पाडतात, तेव्हा तेल वापरतात. ते तेल बॉयलरमध्ये येऊन पाण्यावर तरंगतं. त्याच्या थराखाली वाफेचे बुडबुडे अडतात आणि फुटताना पाणी उडवतात. खालच्या तोटीतून कितीही पाणी सोडलं तरी तेल जात नाही, ते वरच असतं. बॉयलरला पाण्याच्या पातळीजवळ एक वेगळं छिद्र असतं. ते उघडून बॉयलर अगदी हळू भरायचा, पेन्सिलीएवढी धार तासन्‌तास वाहू द्यायची. तेल कडेने निघून जातं. याला स्किमिंग म्हणतात. बॉयलर बसवणाऱ्याला थांबायला वेळ नसतो, म्हणून हे बहुतेक घरांत झालेलंच नसतं.

त्याहून मोठी चूक बॉयलरच्या डोक्यावर होती. जुने बॉयलर कोळशाचे, प्रचंड पोटाचे. वाफेला पाण्यापासून वेगळं व्हायला आत भरपूर जागा. आजचे बॉयलर आटोपशीर असतात. ती जागा आत नाही, म्हणून बाहेरच्या नळांनी ती भरून काढायची असते. बॉयलरमधून वाफ उभ्या नळाने वर, पाण्याच्या पातळीपासून निदान २४ इंच उंचीवरच्या जाड आडव्या नळात, म्हणजे हेडरमध्ये जाते. तिथे वेग मंदावतो, पाणी खाली पडतं आणि हेडरच्या टोकाशी असलेल्या उतरत्या नळातून बॉयलरच्या तळाकडे परत येतं. कोरडी वाफ पुढे घरात. बॉयलर बनवणारा हे सगळं मापासकट पुस्तकात छापतो. इथे ठेकेदाराने लोखंडाऐवजी तांब्याचा बारीक नळ झाळून हेडर केला होता आणि घराकडे जाणारा फाटा हेडरच्या चुकीच्या जागी घेतला होता. वाफ आणि पाणी दोन्ही बाजूंनी येऊन त्या फाट्यावर धडकत होतं. हेडर पुन्हा बांधणं हे या घरातलं सगळ्यात खर्चाचं काम ठरलं, तरी नव्या बॉयलरपेक्षा पुष्कळ स्वस्त.

या नळांच्या गुंत्यात एक वळसा असतो, हार्टफर्ड लूप. त्याचा जन्म भीतीतून झाला. २० मार्च १९०५ रोजी मॅसेच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. बॉयलरच्या बांधणीचे सर्वमान्य नियम अमेरिकेत आले ते अशा स्फोटांनंतर. यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने पहिली संहिता १९१४ मध्ये तयार केली. घरातल्या बॉयलरला धोका वेगळा होता. परतीचा नळ जमिनीलगत, ओलीत. तो सडून फुटला की बॉयलरचं पाणी त्यातून निघून जायचं, खाली आग चालूच, आणि कोरडा बॉयलर तडकायचा. हार्टफर्डच्या बॉयलर तपासणाऱ्या विमा कंपनीने १९१९ मध्ये हा वळसा पुढे आणला: परतीचा नळ पाण्याच्या पातळीच्या जरा खालपर्यंत वर नेऊन मगच बॉयलरला जोडायचा. नळ फुटला तरी पाणी त्या उंचीच्या खाली जाणार नाही. मात्र जोडाचा तुकडा अगदी आखूड हवा. लांब ठेवला, तर तिथेच वाफ आणि परतीचं थंड पाणी भेटतात आणि तोच वळसा ठोके घालतो.

हे सगळं एके काळी प्रत्येक नळकाम्याला ठाऊक होतं. मग घरांत गरम पाण्याची आणि पुढे गरम हवेची हीटिंग आली, वाफेची नवी कामं थांबली आणि जाणती माणसं निवृत्त झाली. लाँग आयलंडच्या डॅन होलोहान यांनी जुनी पुस्तकं, कंपन्यांची पिवळी पडलेली पत्रकं जमवून १९९२ मध्ये ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ लिहिलं. मिस्त्रींच्या गाडीत त्याची तेलकट प्रत आहे. वडिलांकडून काम शिकलेल्या माणसालाही ते लागतं, कारण वडिलांनी काय करायचं ते शिकवलं, का ते सांगितलं नव्हतं.

उघड्या खिडक्यांसाठी

वरच्या तरुणाची खोली इतकी का तापते, याचं उत्तर १९१८च्या साथीत सापडतं. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीने कोंदट हवेची धास्ती बसली. खिडक्या उघड्या ठेवा, असं आरोग्य खात्यांनी बजावलं. पुढच्या काळात हीटिंगचं गणित मांडणाऱ्यांनी रेडिएटर त्या हिशेबाने मोठे घेतले: वर्षातला सर्वांत थंड दिवस, खिडक्या उघड्या, तरी खोली उबदार. नंतर खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, भिंतींत उष्णता रोखणारं अस्तर भरलं गेलं. रेडिएटर तेच राहिले. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत लोक खिडकी उघडून बसतात ते उधळेपणाने नव्हे. तिथला कायदा ऑक्टोबर ते मे घरमालकावर हीटिंगची सक्ती करतो आणि भाडेकरूच्या हातात चावी नसते.

कोळसा गेल्यानेही ठोके वाढले. कोळशाची आग दिवसभर धुमसायची, नळ सतत कोमट असायचे. गॅसचा बर्नर थर्मोस्टॅटच्या हुकमाने पेटतो, विझतो. प्रत्येक वेळी नळ गार, नळात हवा आणि पहिल्या वाफेचं भरपूर पाणी. त्यात लोक बचतीसाठी रात्री तापमान फार खाली नेतात आणि पहाटे पाचला एकदम वर. पाचचे ठोके त्यामुळे. मिस्त्रींनी सुनेला सांगितलं, रात्रीचा फरक दोन-तीन अंश फॅरनहाइटवर आणा. तिने आणला, खर्चात काही वाईट फरक पडला नाही म्हणते.

तळघरातले उघडे नळही याच खात्यात जमा. पूर्वी त्यांवर अॅस्बेस्टॉस होतं. ते विषारी म्हणून काढलं गेलं, हे योग्यच. पण त्याजागी दुसरं काही गुंडाळलं नाही. नागवा नळ वाफ वाटेतच गार करतो. आता इंचभर फायबरग्लास चढवलं आहे. जुनं अॅस्बेस्टॉस अजून असेल, तर मात्र स्वतः हात लावू नये. परवानाधारक माणसाचंच ते काम.

लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू

दीड पौंडाचा ठोका झोप मोडतो. दाब वाढला की तोच काय करतो, याची खूण नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये आहे. तिथे १८८२ पासून रस्त्याखालून वाफ विकली जाते. आज ते काम कॉन एडिसन करते. १८ जुलै २००७ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास, ऑफिसं सुटताना, लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू आणि ४१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १९२४ साली घातलेला २४ इंची नळ फुटला. चिखल आणि वाफेचा खांब क्रायस्लर इमारतीहून उंच गेला. एक बाई हृदयविकाराने दगावली, चाळीसहून अधिक जखमी झाले. तपासात निघालं ते कारण अण्णांना मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं: ट्रॅप तुंबला असणार. आधीच्या एका गळतीच्या दुरुस्तीत भरलेलं सीलंट वाहत जाऊन ट्रॅपमध्ये बसलं होतं. त्या दिवशी पाऊस झाला, थंड पाणी नळाभोवती साचलं, आत वाफेचं पाणी होत गेलं आणि त्याला बाहेर पडायला तोंड नव्हतं.

इथेही एका दुरुस्तीनेच पुढचं संकट ओढवलं. जर्सी सिटीच्या तळघरातही मला मोडकं काही फारसं दिसलं नाही. दिसल्या त्या दुरुस्त्या. पट्टी काढून तार, लोखंड काढून तांबं, व्हेंटवर रंग, डबीचा पिळलेला स्क्रू. प्रत्येकाने आपल्यापुरतं काम निभावलं आणि पाण्याचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

छत

हेडर झाला, नळ झाला, तरी सुरुवातीचे दोन ठोके राहिले. दुसऱ्या मजल्याच्या मागच्या रेडिएटरचा फाटा खालच्या स्वयंपाकघराच्या छतातून जातो. आधीच्या मालकाने तिथे जिप्समचं नवं छत करून त्यात दिवे बसवलेले. मुलगा म्हणाला, दोनच तर ठोके आहेत, पुढच्या वर्षी बघू. अण्णा म्हणाले, आत्ता उघडा. सुनेने विचारलं, परत कोण बुजवणार? हिवाळाभर हे चाललं. अखेर मार्चमध्ये छताचा तुकडा कापला. दिव्याच्या डब्याला जागा मिळावी म्हणून सुताराने नळ इंचभर वर ढकलून लाकडात अडकवला होता. पोट नव्हतं, उंचवटा होता; त्यामागे पाणी अडत होतं. लाकूड काढलं, नळ जागेवर आला, दिवा हातभर सरकवला. शेवटी टिकटिक उरली, तिला दुधाच्या कॅनचा तुकडा.

दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणाला झडप पूर्ण उघडी ठेवायला सांगून भागणार नव्हतं. त्याची खोली खरंच भट्टी होते. मिस्त्रींनी रेडिएटर आणि व्हेंट यांच्यामध्ये थर्मोस्टॅटची छोटी झडप बसवली. खोली ठरलेल्या तापमानाला आली की ती हवेची वाट बंद करते. हवा बाहेर पडली नाही की वाफ आत येत नाही. पाण्याची वाट मोकळीच राहते, म्हणून ठोका नाही. तरुण आता मोठ्या झडपेला हात लावत नाही. खिडकी मात्र अजून उघडतो. ताजी हवा लागते म्हणे त्याला.